राखून ठेवलेलं आमेन

२० एप्रिल २०२१, रिसोड
शमूचा ऑक्सिजन वाढवला. अकोल्याहून वहिनीचा फोन. एकुलता एक भाऊ माझा, अन् मला दवाखान्याच्या दारातही कोणी उभं करत नाही. इथं चर्चला कुलूप. देशभर हेच. टीव्ही बंद केला.

२२ एप्रिल
पास्टरांचा फोन. रविवारी सगळ्यांनी फोनवर विलापाची प्रार्थना करायची, तुम्ही चालवा म्हणाले. मी कुठली चालवते. माय होती तोवर ते तिचं काम.
दुष्काळाचं साल, मी चौथीत. चर्चमधली बाकं भिंतीला सरकवून सगळे जमिनीवर. शमू माझ्या मांडीवर, धाकटी बहीण रूथ मायच्या. माय देवाशी सरळ भांडायची, "तुले दिसून नाही राह्यलं काय? लेकरं उपाशी हायेत." मग गावातल्या दुखणेकऱ्यांची नावं, कोणत्याही धर्माची. शेवटी आमेन नाही. देवानं ऐकलं की मगच म्हणायचं, हा आमच्या मंडळीचा रिवाज. शमूच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास यायचा. फार आठवतंय सगळं.

२५ एप्रिल, रविवार
सतरा घरं फोनवर. जमिनीवर बसूनच सुरू केलं. सिलिंडरच्या रांगा, स्मशानातल्या रांगा, शमू. बोलता बोलता रडले. अन् शेवटी तोंडातून आमेन निघून गेलं. तीस वर्षं शाळेत प्रार्थना घेतल्याची सवय. पलीकडून एकानंही म्हटलं नाही. लाज वाटली, त्याहून जास्त भीती.

२६ एप्रिल
मार्था मावशीला फोन करून सांगितलं. मायची मैत्रीण, नव्वदीला टेकली.
"काहून घाई केली वं?"
"चुकलं मावशी. शमूले काही होईन का?"
"येडी हायेस. देव का असा रुसते?" मग म्हणाली, "त्या दुष्काळानंतर पाणी आलं तवा साऱ्याईनं आमेन म्हटलं. तुह्या मायनं नाही. रूथ गेली होती ना तिची त्या उन्हाळ्यात. मरेस्तोवर म्हटलं नाही तिनं. तुहं गेलं तं जाऊ दे. तिचं हाये अजून राखलेलं."
रूथ गेली ते माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

२८ एप्रिल
शमू दोन घोट पेज प्याला. ऑक्सिजन तेवढाच. मावशीला विचारलं, मायचं आमेन म्हणू का आता?
"थांब जराशी."
मग जमिनीवर बसले. मायनं सोडली होती तिथून पुढं प्रार्थना चालू केली. आधी रूथचं नाव घेतलं, मग शमूचं. नंतर आमेन न म्हणता तशीच उठले. भाजी चिरायची होती.