खडूची खूण

सोमवार, ३ नोव्हेंबर

परत आला! रोपवाल्या मावशींचा ट्रक तिसऱ्यांदा आमच्या गॅरेजच्या दारात. सकाळच्या धुक्यात खोकतो, चढावर दम सोडतो आणि दुपारी आमच्यासमोर साळसूदपणे चालतो. आज भर चढावर बंद पडला. मागे माती आणि रोपं खच्चून भरलेली, ब्रेक लागेपर्यंत दहा फूट मागे घसरला. मागचा गाडीवाला शहाणा होता म्हणून निभावलं. मावशींनी किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्या बाबांपासून मी दुसरीकडे गेले नाही गं," एवढंच म्हणाल्या. पुढचं मी समजले.

शुक्रवारी देते म्हणून सांगून बसले खरी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सहा सिलिंडर. एकेका प्लगची वायर काढून बघितली. बाकी कुठलीही काढली की इंजिनाचा आवाज पडतो. चौथ्याची काढली तर ढिम्म. म्हणजे हे महाशय नुसते हजेरीला. नवा प्लग घातला. दहा मिनिटं बरं चाललं, मग पुन्हा फट् फट्.

बाबा खुर्चीवर भंगाराची टोपली घेऊन नट निवडत बसले होते. "मी बघू का?" म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही बसा. गेल्या वर्षी त्यांनी डॉक्टरांच्या गाडीचा ऑइलचा नट नुसता टेकवून ठेवला आणि इंजिन जॅम झालं. तेव्हाच मी सांगून टाकलं होतं - बाबा, पुन्हा इंजिनाला हात लावलात तर तुमची खुर्ची वर, घरात. दादा किती चिडला होता माझ्यावर! "खुर्ची वर नेलीस तर हा माणूस महिनाभर टिकायचा नाही, चिमे." मी कुठे मुद्दाम बोलले होते? पण माघारही घेतली नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

चौथ्याची वायर बदलली. कम्प्रेशन मोजलं, सहाही सारखे. पेट्रोलची जाळी साफ केली. कार्बोरेटर उघडला, धुतला, बसवला. ट्रक आपला त्याच पट्टीत खोकतोय.

उरलं काय? डिस्ट्रिब्युटरचं झाकण, ज्यातून ठिणगी सहाही वायरींत वाटली जाते. पण ते दादाने पंधरा दिवसांपूर्वीच नवं घातलंय. फळ्यावर त्याच्या हातचं लिहिलेलं आहे, पुढे खडूची खूण. आणि आमच्याकडे खूण म्हणजे खूण. एकाने खूण केली की दुसऱ्याने ते काम उघडायचं नाही. बाबांचा नियम. घरच्यांचं काम तपासायची वेळ आली तर शटर ओढून घ्या, म्हणायचे. तीस वर्षांत कुणी मोडला नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मोडला मी.

दुपारी शटर ओढून अंधार केला. झाकणावर पाणी फवारलं, इंजिन चालू केलं. चौथ्या वायरीच्या बुडाशी बारीक निळी रेघ पळताना दिसली. तडा! ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नव्हती, वाटेतच पळ काढत होती. झाकण काढून उजेडात नेलं. कडेला टवका. गेल्या वर्षी माझ्याच पान्याने उडालेला. झाकण जुनंच होतं.

दादापुढे धरलं. "हे नवं?"

त्याने अंगठ्याने टवका पुसला. झाकणाकडे बघितलं, मग बाबांच्या खुर्चीकडे. बापासमोर पकडला गेला म्हणून लाजला असेल, मला वाटलं.

"राहून गेलं असेल," म्हणाला.

"राहून गेलं, मग खूण कशी केलीस?"

"झाली चूक. सोड ना आता."

सोड? मावशी चढावरून मागे येत होत्या तेव्हा काय सोडायचं होतं? मी चार दिवस वेड्यासारखी सगळं इंजिन चाचपडत बसले, फक्त ते एक झाकण सोडून. कशासाठी? तुझी खूण होती म्हणून! तोंडाला येईल ते बोलले. शेवटी म्हटलं, तुझ्या खुणेवर आता माझा विश्वास नाही, तू इथे येऊ नकोस. त्याने साबण लावून हात धुतले, सावकाश. कपाटाची किल्ली खिळ्याला अडकवली आणि गेला. बाबा नटच निवडत होते. बहुतेक ऐकूच आलं नाही त्यांना.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नवं झाकण आणून बसवलं. ट्रक लोण्यासारखा चालतोय. मावशी खूश. मला काही वाटलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबांनी विचारलं, दादा कुठाय. गेला म्हटलं. "पाना आणायला?" म्हणाले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दादा बस डेपोत लागला. वहिनीकडून कळलं. एक फोन नाही, एक शब्द नाही. ज्याने मला पहिला पाना हातात धरायला शिकवला तो. परक्याने फसवलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. हा घास घशाखाली उतरत नाही. फळ्यावरची त्याची खूण पुसायला गेले, ओला फडका घेऊन उभी राहिले आणि तशीच परत आले. राग त्याचाही येतो, माझाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

एक वायसर हवा होता म्हणून बाबांचा नटांचा डबा उपडा केला. तळाशी बाबांच्या रुमालात नीट गुंडाळलेलं झाकण. कोरं करकरीत.

बाबा हसले. "ते मीच काढलं. नव्या मालात दम नसतो. टोपलीतलं जुनं पुसून बसवलं, तुम्ही दोघं वर जेवायला गेलात तेव्हा. मावशींना त्रास नको परत."

दादाला फोन लावला. नवं झाकण बाबांच्या डब्यात सापडलं, म्हटलं. 

तो म्हणाला, "बाबांना काही बोलली नाहीस ना?"