मूळ अंक उपलब्ध नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

श्रेयाचा फोन. विद्यापीठात पीएच.डी. करते, आमच्या जुन्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळावर रोज शोधाशोध असते तिची. म्हणाली, "अगं, 'खामकाठ' साप्ताहिकाचे शहात्तर सालचे सलग नऊ अंक नाहीतच! ऑगस्ट ते ऑक्टोबर. आणीबाणी ना, सेन्सॉरनं बंद पाडलं असणार. मी प्रकरणात तसं लिहिलंय."

"असेल," मी म्हणाले. आणि लगेच विषय बदलला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. पन्नाशी ओलांडलेली, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली. नाव सर्जेराव. औरंगपुऱ्यात शाळेचे गणवेश शिवतात. चप्पल दाराबाहेर काढून आत आले — आमच्या ऑफिसात कुणी काढत नाही.

"म्याडम, शहात्तरचा पेपर बघाय मिळतो का हो कंप्युटरवर? खामकाठ?"

बसवलं. पाणी दिलं. मग हळूहळू सांगितलं. त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते बसस्थानकावर रडत उभे होते. वय चार. हातात मातीचा बैल. तिथं केळी विकणाऱ्या भामाबाईंनी त्यांना घरी नेलं, बैलावरून सर्जा म्हणाल्या, वाढवलं.

"पण तसंच नाय ठेवून घेतलं तिनं. पेपरात दिलं होतं, पोरगं सापडलंय, ज्याचं असंल त्यानं न्यावं. कुणी आलं नाय. मला लहानपणापासून हेच सांगायची."

यंदा दिवाळीच्या फराळाला एक चुलतमामा सगळ्यांदेखत म्हणाला, कसला पेपर अन् कसलं काय, भामानं पोरगं उचललं स्टँडवरून! भामाबाईंना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. शब्द धड फुटत नाही. विचारणार कसं?

"दोन ओळी असतील. एकदा डोळ्यांनी बघतो फक्त."

शोधलं. 'मुलगा सापडला', 'बसस्थानक', 'भामाबाई'. जुन्या छपाईची अक्षरं मशीनला नीट वाचता येत नाहीत, म्हणून शोधायचे शब्द आम्ही हातानं टाकलेत. काही आलं नाही. यादी उघडली. ८ ऑगस्ट ते ३ ऑक्टोबर, नऊ ओळी. प्रत्येकीपुढं शेरा — मूळ अंक उपलब्ध नाही. नोंद करणार — नि. दाभाडे.

मी.

"रेकॉर्डमध्ये नाही, काका."

"म्हंजे छापलंच नव्हतं?"

"रेकॉर्डमध्ये नाही."

"हरवल्याची जाहिरात बी नाय? माझ्या घरच्यांनी दिलेली?"

मान हलवली.

"चार वर्षाचं पोरगं हरवल्यावर माणूस गप बसतो व्हय? म्हंजे त्यांनी सोडलंच. अन् हिनं उचललं." टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, खिशात घातली. "बरं झालं म्याडम. खरं कळलं."

'रेकॉर्डमध्ये नाही' — हे खोटं नाही. म्हणूनच तर सुचलं!

५ नोव्हेंबर, बुधवार

आई विचारते, तोंड का उतरलंय. डोकं दुखतंय म्हणाले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

इथं तरी लिहिते.

अंक होते. फेब्रुवारीत माझ्या टेबलावर होते. शहात्तरच्या बांधणीला कधीतरी पाणी लागलेलं. बाइंडरची खळ विरघळून पानापानांत उतरलेली, खळीतल्या मोरचुदाचे निळसर डाग, मधले नऊ अंक चिकटून एक वीट! आप्पासाहेब — आमचे प्रमुख — म्हणाले होते, "घाई नको. एका पानाला एक दिवस गेला तरी चालेल." पण भिंतीवर तक्ता होता, रोज तीनशे पानं स्कॅन. दोन दिवसांत माझी चार पानं सुटली. त्यातली दोन फाटली. मार्चअखेर काम संपवायचं होतं. माझी नेमणुकीची ऑर्डर वाढणार की नाही, तेही तक्त्यावरच ठरणार.

तिसऱ्या दिवशी नऊ ओळी भरल्या. पहिल्या ओळीत शेरा टाइप केला, खालच्या आठ ओळींत चिकटवला. मिनिटसुद्धा लागलं नाही. गठ्ठे साप्ताहिकाच्या मालकांकडे परत गेले.

आणि मुलाखतीत मीच म्हणाले होते — "आमच्या घरात कुणाचं नाव कधी पेपरात आलं नाही, सर. अशा माणसांची नावं कुणी शोधायला आलं, तर ती सापडली पाहिजेत." आप्पासाहेबांनी तेव्हा चष्मा काढून माझ्याकडं बघितलं होतं. मला किती बरं वाटलं होतं!

१० नोव्हेंबर, सोमवार

सर्जेराव पुन्हा आले. पिशवीभर सीताफळं घेऊन. आभार मानायला!

"तुम्ही खरं सांगितलं म्हणून सुटलो. न्हायतर अजून तिच्या पायाशीच बसलो असतो."

मी विचारलं, आईंची तब्येत कशी.

"ताट ठेवतो म्होरं. आधी भरवायचो. आता बायको भरवती. मी बोलत नाय तिच्याशी."

सीताफळं घरी आणली. पप्पांनी दोन खाल्ली. "लई गोड! कुणी दिली गं?"

मला एक फोडवेना.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आप्पासाहेबांना सगळं सांगितलं. उभ्यानंच. बसले असते तर रडले असते.

बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. मग म्हणाले, "अहवाल गेला. उद्घाटन झालं, फोटो छापून आले. आता आपणच म्हणायचं, आमची नोंद खोटी आहे?"

"हो, सर."

"तुमची ऑर्डर जानेवारीपर्यंत आहे, दाभाडे."

"हो, सर."

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मलाही दिसलं होतं. सलग नऊ. एवढे सलग जात नाहीत कधी. मी विचारलं नाही तुम्हाला." मग चिठ्ठीवर काहीतरी लिहून टेबलावर सरकवलं आणि जेवायला निघून गेले. चिठ्ठीवर मालकांच्या शेडचा पत्ता. चितेगाव.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात गेले. दोन मशीन, निळ्या पँटींचा ढीग. सर्जेराव पट्टा शिवत होते. बायकोनं बसायला स्टूल दिलं. मी बसले नाही, बोलले. अंक होते, मी उघडले नाहीत, खोटा शेरा लिहिला.

मशीन थांबलं नाही. पट्टा टोकापर्यंत शिवून दोरा तोडला, मगच वर बघितलं.

"म्हंजे हाय का नाय त्यात?"

"माहीत नाही. मी बघितलंच नाही."

"मग नाय कशाला म्हनला?"

मी मान वळवली.

आतल्या खोलीत कॉटवर भामाबाई. एवढ्याशा. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. डोळे मात्र दाराकडं, मुलाकडं.

"आठवडा झाला मी तोंड फिरवून बसतो. तिला बोलता येत नाय, पण कळतंय सगळं." आवाज एकदम खाली आला. "जावा तुम्ही."

त्यांची बायको पायरीपर्यंत आली. म्हणाली, "ताई, शिकलेलं माणूस नाय म्हनलं की आमच्यासाठी ते नायच असतं."

१६ नोव्हेंबर, रविवार

पप्पांना सांगावंच लागलं. ते चितेगावातच खोक्यांच्या कंपनीत आहेत, शेडचा पत्ता त्यांनाच कळणार. मोटारसायकलवर मागं बसून सांगितलं — तोंड दिसत नाही म्हणून. नक्षत्रवाडी गेली, गेवराई गेली. मग गाडी कडेला घेतली.

"कंपनीत सगळ्यांना सांगत असतो मी. आमची निशा जुनं जपती."

बस, एवढंच. पुन्हा गाडी सुरू केली. थप्पड मारली असती तर बरं झालं असतं.

शेडवरचा राखणदार सोमनाथ त्यांच्या ओळखीचा. "जय भीम, दाभाडे मामा! सुट्टीच्या दिवशी इकडं कुठं?" मालकांना फोन लावला. ते म्हणाले, न्या काय न्यायचं ते, शुक्रवारी रद्दीचा टेम्पो येणारच आहे.

शुक्रवारी!

दोन तास उपसलं. युरियाच्या रिकाम्या पोत्यांखाली शहात्तर सापडलं. उंदरांनी पाठीची शिवण खाल्लेली. वीट मात्र तशीच. मी फाडलेली दोन पानंही तशीच, आत दुमडून ठेवलेली. मीच दुमडली होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पप्पा कामावरून आले, हातपाय धुतले आणि गॅसजवळ बसले. ढोकळ्याचं पातेलं, वर चाळणी, चाळणीवर पातळ फडकं, त्यावर कागद. कंपनीत चुकून चिकटलेले पुठ्ठे असेच सोडवतात म्हणे.

"ओढायचं नाही. वाफ खाल्ली की कागद आपण होऊन सोडतो. आपण फक्त वाट बघायची."

आई म्हणाली, "आता पेपर उकडून खायचेत व्हय? मी चपात्या कधी करू?"

फेब्रुवारीत मी घरी विचारलं असतं तरी झालं असतं. पदवी घेतली तेव्हापासून घरात कुणाला काही विचारतच नाही मी. माहीत असलेलं सांगते नुसतं.

आज तीन पानं. एकही फाटलं नाही. पप्पा सातवी शिकलेत, पण मोठ्यानं वाचतात. "बाजारभाव. ज्वारी, बाजरी, करडी. पुढं जाहीर नोटीस." कुणाचंही नाव आलं की थांबून मला सांगतात — "हे लिही."

मी लिहून घेते. सगळी नावं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!!

१२ सप्टेंबर १९७६. चौथं पान, उजवा रकाना, काडेपेटीएवढी चौकट. उतरवून घेते:

'सापडला आहे. अंदाजे चार वर्षांचा मुलगा मध्यवर्ती बसस्थानकावर सापडला. नाव सांगता येत नाही. जवळ मातीचा बैल आहे. ज्यांचा असेल त्यांनी ओळख पटवून न्यावा. — भामाबाई, केळीवाली, बसस्थानक.'

पप्पांनी दोनदा वाचलं. चष्म्यावर वाफ धरली होती, पुसली नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्धी रजा टाकून पान घेऊन गेले. दोन पुठ्ठ्यांमध्ये, मूळ पान. सर्जेरावांनी उभ्यानं वाचलं. मग आत गेले, कॉटवर आईच्या शेजारी बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले. 'केळीवाली'पर्यंत आले आणि पुढं वाचता येईना.

भामाबाईंनी डावा हात उचलला. अक्षरओळख नाही त्यांना. चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं, कुठं छापलंय ते जणू माहीत होतं. "दि... दिलं." मग स्पष्ट — "दिलं. दिलं."

"व्हय आई, दिलं होतं तू. माझंच चुकलं." कपाळ त्यांच्या मांडीवर टेकलं. त्या मेल्या हाताजवळच.

जेवायच्या वेळी त्यांनी स्वतः भरवलं. वरणभात. मला बघवेना आणि उठवेनाही.

निघताना म्हणाले, "निशाताई, राग व्हता तुमचा. आता नाय. अन् आता आपल्याला काय शोधायचं नाय. जी हाय ती आई."

त्यांनी माफ केलं. मी स्वतःला कशी करू? पान रद्दीत गेलं असतं तर? आजच येणार होता टेम्पो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

श्रेयाला सांगितलं. म्हणाली, "पूर्ण प्रकरण बदलावं लागेल, निशा." आप्पासाहेबांनी दुरुस्तीपत्र तयार केलंय, खाली माझी आणि त्यांची, दोघांची सही. ऑर्डरचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

वीट संपत आली. एकच अंक राहिलाय, अगदी मधला, सगळ्यात घट्ट.

पप्पा म्हणतात, "काम झालं तुझं. पण सोडू नको. पुरं कर."

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल संध्याकाळी शेवटचा अंक सुटला. ५ सप्टेंबर १९७६. भामाबाईंच्या जाहिरातीच्या एक आठवडा आधीचा. चौथं पान, उजवा रकाना, तशीच चौकट:

'हरवला आहे. मुलगा नामे गोकुळ, वय ४ वर्षे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बसस्थानकावरून चुकला. हातात मातीचा बैल आहे. आईने अन्न सोडले आहे. कळवावे — कडुबा, मु. पो. देवगाव रंगारी, ता. कन्नड.'

दोन्ही जाहिराती एकाच छापखान्यात, छपाईच्या त्याच खिळ्यांनी जुळवलेल्या. खिळे जुळवणाऱ्यानंही एकीशेजारी दुसरी ठेवून बघितली नाही. त्या माणसाला मी काय बोलणार!

नोंद अकराला ऑफिसात करीन. सर्जेरावांचं दुकान नऊला उघडतं. आता सव्वाआठ. समोरच्या ओट्यावर बसून लिहितेय, पुठ्ठ्यातलं पान मांडीवर. शटर बंद आहे, पण आतून त्यांचा आवाज येतोय — आईला चहा पाजताहेत.