पुलावर माझ्या नावाने

मंगळवार, २० मे

पुन्हा तेच! ‘दिवस नववा – प्राग. आज आपल्या सहलीचा शेवटचा दिवस.’ पुढच्या सीझनचं माहितीपत्रक. माझं या ऑफिसातलं अकरावं वर्ष, हे वाक्य आता हात आपोआप टाइप करतात. पुलावरच्या पुतळ्याची ओळही तशीच ठेवली – पुतळ्याखालच्या पाटीला हात लावला की माणूस प्रागला परत येतो, अशी समजूत. लोक फोन करून विचारतात, नक्की कुठली पाटी? जी हात लावून घासून चकचकीत झालीय ती, असं मी अगदी पाहून आल्यासारखं सांगते.

घरी येताना मानपाड्याच्या सिग्नलला बस पस्तीस मिनिटं उभी. ‘प्राग हे पायी फिरायचं शहर आहे’ – हेही मीच लिहिलंय.

बुधवार, २१ मे

सप्टेंबरच्या ग्रुपबरोबर ऑफिसातून कोण जाणार ते पुढच्या आठवड्यात ठरेल. म्हणजे मी नाही. दरवर्षी पंचविशीतली पोरं निवडतात आणि व्हिएन्नाहून प्रागला कसं जायचं ते त्यांना मी शिकवायचं! आई म्हणते, तू साहेबांना विचार ना. यंदा विचारणारच.

मागच्या मे महिन्याचं पान काढून बघितलं. तिथेही हेच लिहिलंय.

गुरुवार, २२ मे

काय दिवस गेला! दुपारी तीनला मदतीच्या नंबरवर फोन. सध्या प्रागला असलेल्या आपल्या ग्रुपमधले शिवराम काका – डोंबिवलीचे, पंच्याहत्तरीचे, एकटेच गेलेत. ग्रुप पुढे गेला आणि हे पुलाच्या टोकाला बदकं बघत राहिले. वळून पाहतात तर आपला झेंडा नाही. टूर लीडर रत्नदीपचा फोन लागेना. तिकडे साडेअकरा वाजलेले. बाराला सगळ्यांनी चौकातल्या जुन्या घड्याळाखाली जमायचं आणि तिथून थेट विमानतळ.

काका आयुष्यभर टपाल वाटत फिरलेले. चौतीस वर्षांत एक पत्ता चुकला नाही आणि आज मीच हरवलो, म्हणाले.

समोर काय दिसतंय, विचारलं. दोन मनोरे, एक उंच, एक ठेंगू. म्हणजे पलीकडचं टोक! मनोऱ्यांकडे पाठ करा आणि सरळ पूल ओलांडा, म्हटलं. कॉम्प्युटरवरच्या नकाशात तो पूल मी इतक्यांदा चाललेय की दगड न् दगड पाठ आहे. आणि खरंच, हेडफोन लावून मीही टेबलाभोवती चालायला लागले. शेजारची रसिका बघतच राहिली.

मध्येच काका थांबले. डावीकडे एक पाटी चकचकतेय, माहितीपत्रकात लिहिलेली तीच का? मी म्हटलं, काका, चला, वेळ नाही. ते काही ऐकेनात. मग म्हणाले, ‘‘मी कशाला परत येतोय आता? तुझ्या नावाने लावला हात. तू ये परत.’’

परत!

चालता चालता त्यांनी विचारलं, किती वेळा आलीस गं इथे? मी म्हटलं, मोजलं नाही. शून्य कोण मोजतं?

पूल संपल्यावर ट्रामचा रस्ता, मग समोरची वाकडीतिकडी गल्ली, गर्दी जाईल तिकडे जा. बाराला चार मिनिटं असताना ते चौकात पोचले. रत्नदीपची हाक मला फोनमधून ऐकू आली. काका फोन ठेवायला विसरले आणि बाराचे टोले पडायला लागले. अकरा वर्षं त्या टोल्यांबद्दल लिहितेय. आज ऐकले. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

शुक्रवार, २३ मे

मला तिथे जायचंय. बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

मंगळवार, २७ मे

शिवराम काका चक्क डोंबिवलीहून घोडबंदरला आमच्या ऑफिसात आले, मला बघायला! आमच्या साहेबांच्या, मुकुल सरांच्या केबिनसमोर उभं राहून सगळ्यांना सांगत होते, या बाईंना तिथली गल्ली न् गल्ली पाठ आहे. रसिकाला हसू आवरेना. म्हणाली, काका, ती कधी गेलेलीच नाही.

काका माझ्याकडे बघत राहिले. ‘‘मग मला पोचवलं कुणी?’’

मग त्यांनी विचारलं, साहेबांकडे कधी शब्द टाकलास? मी की-बोर्डवरची धूळ पुसत बसले. उत्तर सरांनीच दिलं. ‘‘समीक्षा मॅडम, मला वाटायचं तुम्हाला घर सोडून जायचं नसतं. कधी बोललाच नाहीत. सप्टेंबरला तुम्हीच जा. उद्या पासपोर्टची कॉपी द्या.’’

काकांनी टाळी वाजवली. सगळ्यांनीच वाजवली. मी हसले आणि पाणी प्यायला गेले.

बुधवार, २८ मे

अकरा वर्षं लोकांचे पासपोर्ट तपासतेय. मुदत सहा महिने शिल्लक आहे ना, सही जुळते ना, पान फाटलेलं नाही ना. माझा नाहीच. कधी काढलाच नाही.

सरांना ते सांगितलं. ते म्हणाले, लगेच अर्ज करा, थांबतो.

भरला. शुक्रवारची वेळ मिळाली. पासपोर्टचं ऑफिस वागळे इस्टेटला. वर्तकनगरहून, आमच्या दारातून, रिक्षाने दहा मिनिटं.