चार्ज कुणाकडे, चार्ज कुणावर

ता. ४ मार्च

चि. छकुलीस, अ. उ. आ.

तुझं एका ओळीचं पत्र पोचलं. ‘काल मला चार्ज दिला’, बस्स! एवढी मोठी बातमी आणि शाई वाचवतेस होय? आमची धाकटी आता वॉर्डाची मुख्य नर्स झाली, असं बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. मी गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून तुझ्यासाठी निळा ब्लाउज बेतायला घेतलाय. हाताखालच्या पोरींवर फार डाफरू नकोस.

माया आहेच, ती वाढव.
तुझी अक्का

ता. ९ मार्च

ति. अक्कास, सा. न. वि. वि.

ब्लाउज राहू दे. वॉर्डाचा चार्ज नाही गं, माझ्यावर हलगर्जीपणाचा चार्ज ठेवलाय! त्या दिवशी एका ओळीपुढे लिहवेना.

झालं असं, गेल्या महिन्यात एका दुपारी वीज गेली. सहा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे घड्याळजी होते. त्यांचं श्वास देणारं यंत्र बॅटरीवर चालायला हवं, ते मिनिटभरात बंद पडलं. बॅटरी चार्जच झाली नव्हती. भिंतीतलं सॉकेट महिनाभर सैल आहे, हे मी तीनदा तक्रारवहीत लिहिलं होतं. रबरी फुगा दाबत पंचवीस मिनिटं मी त्यांना श्वास दिला. जीव वाचला, पण आजोबांचं बोलणं गेलं. वॉर्डाचा चार्ज ज्यांच्याकडे, त्या मोठ्या सिस्टर तेव्हा केस रंगवायला गेल्या होत्या. आणि आता वहीतली ती पानंच गायब! चोर सोडून संन्याशाला फाशी.

माफीनामा लिहून दे, नोकरी राहील, असं इस्पितळाचे साहेब सांगताहेत.

बाबांना जप.
छकुली

ता. १५ मार्च

चि. छकुलीस, आशीर्वाद.

बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. माझं ऐक, माफी लिहून मोकळी हो. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

रागावू नकोस.
अक्का

ता. २ एप्रिल

ति. अक्कास, नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि फाडलं. न केलेल्या चुकीची माफी? तूसुद्धा असं म्हणावंस?

काल चौकशी झाली. घड्याळजींची बायको न बोलावता आत आली. त्या सॉकेटला या मुलीने माझ्यादेखत चिकटपट्टी लावली, तक्रार लिहायला पेन मीच दिलं, असं तिने सगळ्यांसमोर ठणकावलं. तक्रारवही आपल्याच कपाटात कुलपात असते, हे मोठ्या सिस्टरना कबूल करावं लागलं. साहेबांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. चार्ज मागे घेत आहोत, एवढंच त्यावर. मी तो परत सरकवला. पानं कुणी फाडली ते लिहा, मगच सही करीन, म्हटलं. साहेब म्हणाले, विचार करायला वेळ लागेल. मी खुर्ची ओढून तिथेच बसले. तासाभराने त्यांनी मोठ्या सिस्टरचं नाव लिहिलं.

बाबांना सांग, चार्ज उतरला. राग मात्र अजून उतरलेला नाही. तुझ्यावरचाही. तरी लोभ सोडू नकोस.

तुझीच,
छकुली