रांजणातली मियो

३ मे, शुक्रवार
नळ आज येणार होता, आला नाही. टँकरवाला म्हणतो, संध्याकाळी बघू. आक्कांना, माझ्या नणंदेला, घेऊन निघाले. क्रांती चौकात गाड्या हलेनात. आक्का रिक्षातून मान बाहेर काढून म्हणाल्या, ‘एवढी माणसं सकाळच्याला निघाली कुठं? समद्यांचंच डायलिसिस हाय का काय?’ रिक्षावाला हसून हसून.

मशीन लागलं की त्या डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘हं. इसाक कुठवर आला?’ इसाक म्हणजे इसाओ. जपानी चित्रकथेतला. माझी लेक इरा दहा वर्षांची होती तेव्हापासून ती ही मंगा वाचतेय आणि तिच्यामागून मी. ती आता पुण्याला शिकते. नवं प्रकरण आलं की पाठवते, मी वाचते आणि मंगळवार-शुक्रवार आक्कांना सांगते. राक्षस, शाप, तुटलेले हात. सुरुवातीला वाटलं होतं, त्यांना हे काय सांगायचं! पोथी आणली होती. पण त्याच म्हणाल्या, ‘देवाचं लई ऐकलं. त्याला समदं आधीच ठाऊक असतंय. दुसरं सांग.’

पलीकडच्या खुर्चीवर सलीमभाई. ट्रकवर होते, आता मशीनवर. ‘बाजी, जरा जोर से बोलो. इधर सुनाई नै देता.’

७ मे, मंगळवार
नवीन प्रकरण नाही. इरा म्हणते आता एकच राहिलंय, शेवटचं. आक्कांनी पुन्हा रांजणाचं सांगायला लावलं. किती वेळा झालं असेल.

इसाओचं गाव. त्याचा जिवलग मित्र राज्यासाठी ते अख्खं गाव राक्षसांना देऊन टाकतो. इसाओ धाकट्या बहिणीला, मियोला, अंगणातल्या रिकाम्या रांजणात बसवतो, झाकणावर दगड ठेवतो. ‘हलू नकोस. मी आलोच.’ आणि मग त्याला जाता येत नाही. गावावर शाप, तिथला काळ थांबलेला. मियो तशीच आत. वर्षानुवर्षं तो लढतोय, आणि मधूनच, काही कारण नसताना, चित्रकार पानाच्या कोपऱ्यात तो रांजण काढतो. झाकणावर बर्फ. कडेनं वाढलेलं गवत. शब्द नाही एक.

आक्का : ‘आत पाणी नाय. पोरगी पीत काय असंल?’
सलीमभाई : ‘अम्मा, वो जादू है ना. प्यास नै लगती.’
आक्का : ‘तान लागत नाय असं कुठं असतंय व्हय?’

किडन्या गेल्यापासून आक्कांना दिवसाचं पाणी मोजून. सकाळी एका बाटलीत भरून ठेवायचं, त्यातलंच फुलपात्रानं पुरवायचं. दुष्काळ सगळ्या गावाला, पण आक्कांचा वेगळा. पाऊस पडला तरी संपणारा नाही.

१० मे, शुक्रवार
आज सेंटरवर आक्का झोपल्या, गोष्ट नाही. बरं झालं. परत आले तर इराचा फोन. रडत होती, रागानं. ‘आई, संपवलं त्यानं. वाच तू. नको वाचूस. वाच.’

वाचलं.
इसाओ गडावर पोचतो. मित्र समोर. मला वाटलं आता होणार लढाई. दोन पानांत मित्र रडतो, इसाओ त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, झालं. पुढचं पान, बरीच वर्षं उलटलीत. सगळे एका मोठ्या टेबलाभोवती जेवतायत, हसतायत, मित्रसुद्धा. खिडकीबाहेर फुलं. समाप्त.

रांजण नाही.
पुन्हा पहिल्यापासून बघितलं, कोपरेसुद्धा. कुठेच नाही.

११ मे, शनिवार
इरानं लोकांची मतं पाठवली. जगभरातले वाचक, सगळ्यांचा एकच सूर. शिव्या, रडणं, थट्टा. कुणी म्हणतं, मित्राला माफी इतकी स्वस्त कशी. कुणी म्हणतं, घाईत काढलंय, शेवटची पानं बघा, चेहरेसुद्धा पुरे नाहीत. कुणी सांगतं, चित्रकाराचा हात दुखतो म्हणे. एकानं नुसता रांजण काढून टाकलाय, खाली काही नाही.

इराशी बोलले.
‘ती मेली असती तरी चाललं असतं गं आई. त्यानं झाकण उघडलं असतं आणि आत काही नसतं, तरी चाललं असतं. पण विसरला? तोच ठेवून गेला होता ना?’

बरोबर बोलली. माझ्या ध्यानात हे असं नेमकं आलं नव्हतं. दुःखाचा शेवट आम्ही पचवला असता, तयारी होती. चित्रकाराला गोड करायचा होता, आणि त्या टेबलाशी रांजण मावत नव्हता.

म. नं (नवरा, रोजनिशीत कायमचा म.) नव्या फ्लॅटचं पत्रक आणलंय. गारखेड्याहून पुढे, बायपासच्या पलीकडे, काल-परवापर्यंत तिथे ज्वारी होती. लिफ्ट आणि चोवीस तास पाणी. पाणी आणणार कुठून, विचारलं. ‘असतं त्यांचं काहीतरी.’ आक्कांसाठी हवेशीर खोली. म.ची आई गेल्यावर आक्कांनीच त्याला वाढवलं, लग्न होऊन खुलताबादला गेल्यावरही भावाला शाळेसाठी आपल्या घरी ठेवून घेतलं. आता तो त्यांना ठेवतोय. आक्कांनी पत्रकावरचं पोहण्याच्या तलावाचं चित्र बराच वेळ बघितलं. काही बोलल्या नाहीत.

१४ मे, मंगळवार
‘हं. इसाक कुठवर आला?’
तोंडाशी आलं होतं. पण त्यांचा चेहरा, नळ्या, सलीमभाईंनी पुढे काढलेली मान. मी म्हणाले, गडाखालच्या जंगलात अडकलाय. आणि सांगत सुटले. जंगल माझं, म्हातारी जोगतीण माझी, तिचा आंधळा कुत्रा माझा. चार वर्षं माझी कादंबरी एका परिच्छेदावर अडली आहे आणि इथे धो धो सुचत होतं.
सलीमभाई खूष. ‘वा बाजी.’
ठरवलं : असंच नेत नेत इसाओला गावापर्यंत पोचवायचं. झाकण मी उघडायचं.

१७ मे, शुक्रवार
जंगल चालू. सुईची जागा सुजलीय, आक्का मधूनच कण्हतात. ‘लई लांबलं गं हे,’ म्हणाल्या. जंगल लांबलं म्हणतायत असं समजून मी कुत्र्याच्या गोष्टीवर आले.

२१ मे, मंगळवार
इसाओ गावाच्या वेशीपर्यंत. मी रंगात.
आक्का डोळे न उघडता : ‘वृंदा, आज गोष्टीत पाणी घातलंस.’
‘नाही हो आक्का.’
‘त्यो माणूस असा बोलत नाय. एवढा शाणा कधी झाला त्यो?’

२४ मे, शुक्रवार
सलीमभाई आल्या आल्या, अगदी सहज, ‘बाजी, वो किस्सा तो कब का खतम हो गया बोलके मेरी पोती बोल्री थी. मोबाइल में गालियांच गालियां पड़रीं बोले. फिर आप ये कौन सा सुनारे?’

सलीमभाईंना बिचाऱ्यांना कळलं, काही तरी सांडलंय. भिंतीकडे बघत बसले. आक्का एक शब्द नाही. रिक्षात नाही, घरी नाही. फुलपात्र पुढे केलं तर स्वतःच उठून ओतून घेतलं.

२६ मे, रविवार
अजून अबोला. म. विचारतो काय झालं. गोष्टीवरून, म्हटलं. ‘गोष्टीवरून?’ हसला.
त्यांना वाचवायला खोटं सांगितलं असं मनाला समजावत होते. खरं तर मलाच सहन झालं नव्हतं तसं संपलेलं.

२८ मे, मंगळवार
मशीन लागलं. आक्का म्हणाल्या, ‘आता त्याचं सांग. तुझं नको.’
सांगितलं. दोन पानांची माफी, टेबल, फुलं. सलीमभाईंनी ‘लाहौल’ म्हणत कानाला हात लावला.
‘आन् रांजण?’
‘रांजण नाही आक्का. विसरला तो.’

मला वाटलं चिडतील.
‘थकला असंल. किती वर्षं काढत व्हता म्हनलीस? थकला की माणसाला वाटतं, संपू दे. त्याचं नाय मला काय. पण जेवायला बसलेल्यांतल्या एकाला तरी याद यावी का नाय? एकानं तरी इचारावं, ती पोरगी कुठंय?’

मग तशाच आवाजात, शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तसं, ‘मी आता शुक्रवारी येत नाय. मला खुलताबादला सोडा.’

मी म्हटलं, पाऊस पडल्यावर जाऊ चार दिवस. तिथल्या सीताफळांना तेव्हा पानंही येतील.
‘चार दिवस नाय म्हनत मी. समजलीस ना?’
समजले. मशीन थांबवलं तर किती दिवस, ते डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलंय. फार नाहीत. आक्का तेव्हा तिथेच बसल्या होत्या. सांगितलं होतं मात्र म.ला.

२९ मे, बुधवार
म.ला सांगितलं. आधी ऐकलंच नाही असं केलं. मग माझ्यावर.
‘तू काय सांगितलंस तिला? राक्षस नि मढी? आजारी बाईला सांगायच्या गोष्टी आहेत या?’
‘तुम्ही त्यांना एकदा विचारा तरी.’
‘काय विचारू? मरतेस का असं विचारू?’
दार आपटून गेला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, फोनवर बिल्डरशी बोलत होता. आक्कांच्या खोलीच्या बाथरूमला धरायला दांडा बसवून मिळेल का.
त्याच्यावर रागावता येईना मला.

३० मे, गुरुवार
टँकर आला. पाइपाखाली बादल्या, खालच्या मजल्यावरच्या बाईंशी नेहमीची तू तू मैं मैं. वर आले तर आक्का गॅलरीत. समोर नवीन इमारतीचा स्लॅब टाकलाय, त्यावर पाणी मारत होते. नुसतं वाहत होतं.
‘बघ,’ म्हणाल्या, ‘सिमेंटाला बिनमोजता.’
बोलल्या माझ्याशी. मी शेजारी बसले. विचारलं, आक्का, रागावलाय ना माझ्यावर?
‘व्हय.’
मग, ‘तुझा कुत्रा चांगला व्हता पण. आंधळा.’

इराला फोन केला. आत्या खुलताबादला परत जायचं म्हणतेय, एवढंच सांगितलं. तिनं विचारलं, ‘बाबा काय म्हणतात?’ बाबा दांडा बसवतायत. ती म्हणाली, ‘आई, त्यांना सांग, आत्याला विचारा म्हणावं. नाही म्हणायचं असलं तर नाही म्हणा, पण विचारा.’
रांजणाचं नाव काढलं नाही तिनं. मीही नाही.

मला काय हवंय? आक्का राहायला हव्यात. मंगळवार-शुक्रवार हवेत. ‘इसाक कुठवर आला’ हवं. त्या चित्रकारावर जग ओरडतंय, अजून हवं, आणि मी त्यांच्यातलीच एक. त्याच्या हाताचं एखाददोघांनीच विचारलं असेल. आक्कांच्या सुजलेल्या हातावर मी रोज मलम लावते. त्यांनी कण्हून ‘लांबलं’ म्हटलं तेव्हा मात्र गोष्टीबद्दल बोलतायत असंच धरलं.

३१ मे, शुक्रवार
सकाळ. नेहमीची पिशवी भरली, चादर, कानटोपी, बिस्किटं. दुसरी पिशवी आक्कांनी स्वतःच भरलेली, दाराशी. दोन लुगडी आणि पितळी डबा. म. आंघोळ करून आला, दोन्ही पिशव्या बघितल्या. नेहमीची उचलली.
‘चल आक्का, उशीर होतोय.’
आक्का पलंगावर. उठल्या नाहीत.
म. दारात उभा. मी स्वयंपाकघरातून बघत होते, बोलायचं नाही असं ठरवून.
पिशवी खाली ठेवली त्यानं.
‘आक्का,’ म्हणाला, आणि थांबला. मग लहान आवाजात, शाळेतून आल्यासारखा, ‘तुला काय करायचंय?’
‘आधी खाली बस.’
गुडघ्यांमुळे तो गेली कित्येक वर्षं जमिनीवर बसलेला नाही. बसला. भिंत धरून, त्यांच्या पायापाशी. आक्कांनी त्याच्या ओल्या केसांवर हात ठेवला आणि बोलायला लागल्या, इतक्या हळू की मला काही ऐकू येईना. मी भांड्यांना हात लावला नाही. फुलपात्र भरून ठेवलं होतं, ते तसंच.

खालून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. परत दिला. अजून कुणी उठलेलं नाही.