'नापसंत' कोणी दाबत नाही

९ नोव्हेंबर
एका निरपराध नागरिकावर झालेला अन्याय नोंदवून ठेवतो. वधू-वर मंडळाच्या कार्यालयात माझ्या खुर्चीसमोरचं कॅलेंडर काढलं! तिथं आता पिवळ्या चिठ्ठ्या. प्रत्येकीवर एकच शब्द – काऊन? म्हणजे, का? चतुर्थी कधी, हे आता चिठ्ठीला विचारू?
अपराधी – प्रेरणा. पिपरी मेघे गावची. पुण्यात डिझाइन शिकून आली, मंडळाचं ॲप करते आहे. "काका, पाच वेळा काऊन विचारलं का खरं कारण सापडते. जपानी पद्धत आहे."
आमच्याकडे हे काम चार वर्षांचं कोणतंही पोर फुकट करतं.

११ नोव्हेंबर
अध्यक्ष प्रभाकरराव – "बटन लाल कर वो पोरी. अन् वरतं माहा फोटो टाक."
"काऊन?"
दुसऱ्या काऊनलाच साहेब चहा सांगायला उठले. पद्धतीत दम आहे!

१४ नोव्हेंबर
ॲपवर 'नापसंत' कोणी दाबतच नाही. स्थळं नुसती लटकलेली. प्रेरणानं मलाच धरलं.
"काऊन नाई दाबत?"
"तोंडावर नाही म्हणायची आपली रीत नाही."
"काऊन?"
"त्यांच्या घरचे पोहे खाल्लेले असतात."
"मंग काय झालं?"
"उद्या कुठल्या तरी लग्नात त्यांच्याच शेजारी पंगतीला बसायचं असतं, बाई! म्हणून 'कळवतो' म्हणायचं."
"अन् कळवता कधी?"
मी चष्मा पुसायला घेतला.
गेल्याच महिन्यात आम्ही आंजीला पियुषसाठी मुलगी पाहून आलो. पोहे फक्कड. चिरंजीव गाडीतच नाही म्हणाले. मी मात्र 'कळवतो' सांगून मोकळा.

१८ नोव्हेंबर
आंजीहून फोन. मुलीचे वडील, वासुदेवराव – "भाऊ, काई ठरलं का? काजलसाठी आर्वीचं स्थळ आलं हाये. तुमचं कळल्याबिगर त्याइले कसं हो म्हनू? ते रविवारलोक थांबतीन, मंग नाई."
"कळवतो," म्हणालो. जिभेला वळणच पडलंय.

२० नोव्हेंबर
'नापसंत' गेलं. नवं बटण – 'योग नाही'. प्रेरणानं पाचही काऊन फळ्यावर मांडून अध्यक्षांना पटवलं. "दोष पोरीचा नाई, पोराचा नाई. मंग दाबाले लाज कायची?"
"वा! पयले कोन दाबते?" प्रभाकररावांनी विचारलं.
सगळी कार्यकारिणी पंखा पाहू लागली. मीही.

२२ नोव्हेंबर
दाबलं. बटणामागे लपल्यासारखं वाटलं, म्हणून आंजीला फोनही लावला.
वासुदेवराव म्हणाले, "बरं केलं भाऊ, सांगतलं. आर्वीले आताच कळवतो. अन् काजलच्या लग्नाले येजा. आपन संगच बसू पंगतीले."