आनंदाच्या प्रयोगातला सातवा माणूस

मुक्काम गावीच, तालुका हातकणंगले
रविवार, दि. १९ ऑगस्ट २००७
सकाळचे सात वाजून दहा मिनिटे

माननीय संशोधक तथा चि. साक्षी हिस,

प्रयोगार्थी क्रमांक सात तथा तुझे आप्पा यांचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझी प्रकृती ठीक असेल, मेसची आमटी अजून पातळच असेल आणि खोलीतली ती सांगलीची पोरगी अजून घोरत असेल, असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाच, म्हणजे क्षेम किती ते कळेल.)

पत्रास कारण की, तुझा फॉर्म भरून सोबत जोडला आहे. पाच प्रश्न, प्रत्येकाला सात गुण. प्रयोगाआधी मला पस्तीसपैकी चोवीस पडले होते. सहा आठवडे तुझे आनंदाचे व्यायाम इमानेइतबारे केल्यावर आता नऊ पडले आहेत. (तेही तुझ्या कृपेने. एका प्रश्नाला एकापेक्षा कमी द्यायची सोयच तू ठेवलेली नाहीस.) तुझ्या एम.ए.च्या प्रबंधातल्या तीस माणसांपैकी एकोणतीस जण हसतखेळत वर चढले असतील आणि सातवा तेवढा विहिरीत गेला असेल, हे मला दिसतंय. तुझ्या मॅडमनी विचारलं हा कोण, तर बाप म्हणून सांगू नकोस. खोटे गुण टाकावेत असं दोनदा मनात आलं. पण एसटीत एकतीस वर्षं कंट्रोलर होतो, लेट आलेली गाडी कधी वेळेवर आली म्हणून लिहिली नाही. आता पोटच्या पोरीच्या कागदावर लिहू? आणि हे सगळं फोनवर सांगता येत नाही, कारण तुझी आई शेजारी उभी राहून माझी वाक्यं संपवते.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. बाळासो चहाला यायचा बंद झालाय. आज पंधरावा दिवस. बाळासो कोण ते तुला सांगायला नको, पण हे पत्र प्रबंधाला जोडणार म्हणालीस, तेव्हा मॅडमसाठी लिहितो. बाळासो म्हणजे माझा पहिलीपासूनचा दोस्त आणि गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. मी रिटायर झाल्यापासून (आणि त्याआधी दर सुट्टीला) संध्याकाळी पाच वाजता तो आपल्या कट्ट्यावर येतो, "जित्ता हाईस का रं?" म्हणून विचारतो, मी "तुला पोचवल्याबिगर न्हाई जायाचा" म्हणतो, आणि मग आम्ही तासभर एकमेकांचं काही न ऐकता बोलतो. सबंध दिवसात मला एवढाच एक कार्यक्रम होता. आता पाच वाजतात, तुझी आई सवयीने तीन कप आधण ठेवते आणि एक कप चहा म्हशीच्या आंबोणात ओतते.

तुझ्या व्यायामांचा अहवाल क्रमाने देतो. पहिला व्यायाम, रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहिणे. पहिल्याच दिवशी लिहिलं, 'आज भात मोकळा झाला होता.' वही तुझ्या आईच्या हाती लागली. "म्हंजे रोज गिचका करतो व्हय आम्ही?" असं म्हणून तिने दोन दिवस मला भाकरीवर ठेवलं. तिथून पुढे घरातलं काही लिहायचं नाही असं ठरवलं, तर बाहेर चांगलं घडतंय कुठं? रस्त्यात चिखल, वीज दुपारी गायब, आणि पेपर उघडावा तर त्यात सगळं दुसऱ्यांचं. वही चाळून बघितली, तर रोजची एक नोंद तेवढी न शोधता मिळालेली आहे, 'बाळासो आला.' बाकीच्या दोन गोष्टींसाठी मी गावभर हिंडायचो. शेवटी शेवटी 'आज कुणी वारलं नाही' असं लिहिलं, तर त्याच दिवशी पिराजीचा बैल गेला.

दुसरा व्यायाम, जवळच्या माणसाचं मोकळ्या मनाने कौतुक करणे. मी तुझ्या आईला म्हणालो की तू या घरासाठी फार कष्ट घेतलेस, तुझा स्वभाव फार चांगला आहे. (निम्मं खरं होतं.) ती चुलीपुढून उठली, माझ्या कपाळाला हात लावला, "अवं, काय हुतंय तुमास्नी? छातीत दुकतंय का?" म्हणाली आणि दुपारच्या गाडीने मला कोल्हापूरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं काय त्रास होतोय, तर हीच पुढे होऊन म्हणाली, "सकाळपासनं ग्वाड बोलाय लागल्यात." त्यांनी रक्त, लघवी आणि छातीची पट्टी काढून घेतली. सगळं नॉर्मल निघालं, तरी हिचा विश्वास बसलेला नाही. अजून माझं मीठ बंद आहे.

आणि मग तो तिसरा व्यायाम. ज्याचे उपकार आपल्यावर आहेत आणि ज्याचे आभार आपण कधी मानलेले नाहीत, त्याला पत्र लिहायचं आणि समोर बसून, सावकाश, मोठ्याने वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात असं तुझ्या छापील कागदावर लिहिलंय. बाळासोशिवाय दुसरं नाव मला सुचलंच नाही. दीड पान लिहिलं. माझ्या ड्युट्या फिरत्या होत्या तेव्हा चार पावसाळे तुला सायकलवर बसवून हायस्कूलला कोण नेत होतं, आईच्या ऑपरेशनवेळी दवाखान्याच्या बाकावर अकरा दिवस कोण बसून होतं, परड्याची भिंत पडली तेव्हा न बोलावता चार गडी घेऊन कोण आलं होतं, सगळं तारीखवार लिहिलं आणि प्रत्येकाखाली 'याबद्दल मी तुझा अत्यंत आभारी आहे' असं घातलं. लिहिताना एकदा चष्मा काढून पुसावा लागला, हेही अहवालात धर.

अडचण वाचायची होती. कट्ट्यावर तो माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. तीन दिवस पत्र खिशात घेऊन बसलो, पण त्याचा आवाज काही थांबेना. म्हणून शनिवारी चार तारखेला चहा झाल्यावर संध्याकाळी साडेसहाला डेअरीत गेलो. तिथे चेअरमन म्हणून त्याला खुर्चीत बसावंच लागतं. (इथेच माझी अक्कल गहाण पडली.) पुढे चाळीस माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी, आणि मी कागद काढून वाचायला लागलो. हळूच वाचायचं ठरवलं होतं, पण कागद हातात आला की एकतीस वर्षांची सवय जात नाही. स्टँडवर गारगोटी गाडी पुकारायचो त्याच आवाजात दीड पान पुकारलं. पलीकडच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. रांगेतली बाळाबाई मागून विचारत होती, "कोण गेलं म्हणं?" मी 'अत्यंत आभारी आहे' असं तिसऱ्यांदा म्हणून कागद मिटला. बाळासोचे डोळे काही भरून आले नाहीत. तो "बरं बरं" म्हणाला आणि त्याने फॅटच्या वहीत मान घातली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, तुझा चौथा व्यायाम होता, एकाच दिवसात पाच भली कामं. सकाळी बाळाबाईची किटली डेअरीपर्यंत उचलून नेली. ती पूर्ण वाट "पानी घालशील त्यात" म्हणत माझ्या मागून पळत आली. मग फाट्यावर एका पावण्याने पन्हाळ्याची गाडी विचारली, मी त्याला दिवसभरातल्या सगळ्या गाड्या, वाटेतल्या थांब्यांसकट, सांगितल्या. तेवढ्यात समोरची सुटली. पिराजीची गाय सुटलेली दिसली ती बांधली, तर ती त्याने चरायला सोडली होती. न्हाव्याकडे माझा नंबर एकाला दिला, तो नुसता पेपर वाचायला बसलेला निघाला. चार झाली. संध्याकाळचे सहा पन्नास झाले होते, एक भलं काम कमी पडत होतं, (आणि पाच वाजता बाळासो आला नव्हता, त्यामुळे मन थाऱ्यावर नव्हतं,) तेवढ्यात मोटारसायकलवरून उदयसिंह आला. हा बाळासोच्या विरोधी पॅनेलचा पुढारी. "जोतीराम आण्णा, एक सही पायजे हुती, तेवडं काम करा की," म्हणाला. मला वाटलं पाचवं काम घरी चालत आलं. चष्मा आत होता. सही केली.

सोमवारी संस्थेच्या फळ्यावर नावं लागली. संचालक पदाच्या निवडणुकीत चेअरमन बाळासोच्या विरोधात उमेदवार, जोतीराम, निवृत्त वाहतूक नियंत्रक. गावाला जराही आश्चर्य वाटलं नाही. डेअरीच्या रांगेतला आकाराम मला म्हणाला, "आम्ही शनवारीच वळाकलं. मानूस उगंच हात जोडत न्हाई. आन किटल्या कोन उचलतंय इलेक्शनच्या सुगीबिगर?" आमच्या गावात माणूस गोड बोलायला लागला की त्याला एकतर रोग झालेला असतो नाहीतर तो उभा राहिलेला असतो, आणि रोग नसल्याचं तर डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं. मी शपथा घेऊन सांगितलं की हा मानसशास्त्राचा व्यायाम आहे. "व्हय व्हय, आमचा बी पाठिंबा हाय," म्हणाले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

माघारीची मुदत सोमवार, तेरा तारीख, दुपारी तीनपर्यंत होती. मी अकरा वीसला जाऊन अर्ज मागे घेतला आणि घरी येऊन कट्टा झाडून बसलो. वाटलं, आता पाचला येईल. पाच वाजले, साडेपाच वाजले, तुझ्या आईने चहा दोनदा गरम केला. समोरून आला तो उदयसिंह, दगाबाज म्हणून ओरडून गेला. म्हणजे ते पॅनेलही गेलं आणि दोस्तही गेला. साक्षी, मी एकसष्ट वर्षांचा आहे. या वयात नवा दोस्त कुठून आणू, आणि आणला तरी त्याला पहिलीपासूनचं सगळं सांगत कधी बसू? संध्याकाळी पाच ते सहा हा एक तास माझ्याच्याने जात नाही. तुझ्यावर राग नाही. तू चांगल्यासाठी दिलंस आणि मी चांगल्यासाठीच केलं. अभ्यासाची हेळसांड करू नकोस, रात्री जागरण करू नकोस.

तुझा,
आप्पा

ता. क. खरं काम राहिलंच. विद्यापीठाच्या कागदावर, मॅडमच्या सहीने आणि गोल शिक्क्यानिशी एक दाखला पाठव की, 'सदर इसम यांनी केलेले आभारप्रदर्शन हे संशोधनाचा भाग असून त्यांना कोणतीही राजकीय महत्त्वाकांक्षा नाही.' बाळासोला दाखवीन. शिक्का ठसठशीत हवा.

दुसरा ता. क. आई म्हणते, चकलीचा डबा रिकामा पाठवलास तरी चालेल, पण पाठव. आणि कौतुकाचा व्यायाम पुन्हा देऊ नकोस.

तिसरा ता. क. (सोमवार, वीस तारीख.) काल रविवार, पेटी उघडली नाही, म्हणून पत्र पडून होतं. आज सकाळी राहवलं नाही आणि मीच बाळासोच्या घरी गेलो. दाखल्याची गरज नाही, पाठवू नकोस. निवडणुकीचं मी बोलायला लागलो तर तो म्हणाला, "इलेक्शन गेलं उडत. तू उभा ऱ्हायला असतास तर मत मीच घातलं असतं की. पर जोत्या, आभार? चाळीस मानसांम्होरं, तारखा लावून? आभार पावण्याचं मानत्यात. मी पावणा हाय व्हय तुझा?" खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं, फळ्यावर नाव लागलं सोमवारी आणि तो चहाला आला नाही रविवारी. मग त्याने आत हाक मारली, "पावण्यास्नी चा टाका." आजवर त्या घरात मी स्टीलच्या पेल्यातून चहा प्यालो, तोही स्वतः चुलीवरून ओतून. आज कपबशी आली, फुलाफुलांची, सोबत बशीत चार बिस्किटं. मी एक खाल्लं. निघताना तो मला दारापर्यंत सोडायला आला आणि "या परत" म्हणाला. मला, या परत.

अर्ज मागे घ्यायला मुदत होती, खिडकी होती, तिथे बसलेला माणूस होता. आभार मागे घ्यायचा काही व्यायाम तुझ्या पुस्तकात असला तर उलट टपाली कळव. कितीही आठवड्यांचा असला तरी मी करीन.